लाल दोऱ्याचा कप्पा

पडद्यांच्या दुकानात तिला सगळे ओळंबा म्हणत. गवंडी भिंत सरळ उभी राहतेय की नाही हे बघायला दोरीला वजन बांधून खाली सोडतो, तो ओळंबा. नाव मालकाने ठेवलं होतं आणि त्यात अर्धं कौतुक होतं, अर्धा वैताग. पडद्याची खालची पट्टी दोऱ्याइतकी जरी तिरकी गेली, तरी ती बसल्या जागी उसवून पुन्हा घाली. गिऱ्हाईक दारात ताटकळत असे, मालक घड्याळाकडे बघून खाकरे, पण ही बाई ढिम्म. एवढं बारीक कोण बघतंय, असं मालकाने एकदा विचारलं, तेव्हा ओठांत टाचण्या धरून ती म्हणाली होती, "मी बघतेय ना."

घरी हे नाव कुणाला ठाऊक नव्हतं, गुण मात्र सगळ्यांना पुरेपूर ठाऊक होता. डब्यांची झाकणं एका रांगेत, चपला भिंतीला समांतर, वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटेसुद्धा रंगवार. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तेलाचे हात घेऊन तो आला की उंबऱ्यातच उभा राहून विचारायचा, आज कशाकशाला हात लावायची परवानगी आहे. शेजारच्या खोल्यांत त्याची थोरली बहीण राहायची. टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून उभी हयात काढून ती निवृत्त झाली होती. लग्न केलं नव्हतं, जीभ धारदार होती, आणि भावजय दुकानात गेली की मुलीला तीच सांभाळायची.

मुलगी म्हणजे भिंगरी. बारा वर्षांची. तान्ही असताना तिचे हातपाय एक क्षण स्वस्थ नसत, म्हणून बापाने लाडाने ठेवलेलं नाव. ते हातपाय तसे का हलतात हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं, पण तोवर नाव चिकटलं होतं. चालणं आलं नाही, बोलणंही आलं नाही. समजायचं मात्र सगळं. आत्या कुणाची उणीदुणी काढू लागली की सगळ्यांत आधी ही हसायची.

भिंगरीच्या चाकाच्या खुर्चीला पुढे एक लाकडी फळी होती. फळीवर कापडी तक्ता, तक्त्यावर शिवलेले प्लॅस्टिकचे पारदर्शक कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात एक चित्र. डाव्या हाताची मूठ ती हव्या त्या चित्रावर नेऊन टेकवायची. ते तिचं बोलणं. हो म्हणायचं तर नजर छताकडे, नाही म्हणायचं तर डोळे घट्ट मिटून घ्यायचे. मूठ चित्राकडे निघाली की ती स्वतः मात्र समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायची, याला कळतंय का, ते बघायला.

पहिला तक्ता आईने शिवला तेव्हा भिंगरी लहान होती आणि त्यावर पाच-सहा चित्रं होती. पुढे जसजसं तिला सांगायला जास्त सुचू लागलं, तसतसे जागा सापडेल तिथे कप्पे वाढत गेले. केळ्याच्या बाजूला आत्या, आत्याच्या बाजूला कंगवा, बाबांच्या बरोबर खाली संडास. भावाला बरी जागा दिलीस, असं आत्या भावजयीला म्हणाली होती. खालच्या ओळीत उजव्या टोकाला 'दुखतंय' होतं. बापानेच काढलेलं, भुवया आखडलेलं एक तोंड, जे थोडं त्याच्यासारखंच दिसायचं. तो कप्पा शिवताना पांढरा दोरा संपला, म्हणून आईने तो लाल दोऱ्याने शिवला. नंतर उसवून पांढरा घालू, असं ठरवलं होतं. तिच्या हातून राहून गेलेल्या मोजक्या गोष्टींतली ती एक.

वर्षं गेली. तक्ता लाळेने आणि खरकट्याने काळवंडला, प्लॅस्टिक पिवळं पडून तडकलं. आईला तो बघवत नव्हता. शेवटी तिने दुकानातलं चांगलं जाड कापड आणलं आणि नवा तक्ता शिवायला घेतला. या वेळी सगळं विचार करून. वरच्या ओळीत माणसं. त्याखाली खाणंपिणं. मग अंगाचं सगळं एकत्र, डोकं, पोट, संडास, दुखतंय. शेवटच्या ओळीत घरातल्या वस्तू, खुर्ची, दिवा, दार, खिडकी. चारही बाजूंनी निळी किनार. कप्पे असे की पट्टी लावून तपासावेत. भिंगरी सकाळी विशेष मुलांच्या ज्या केंद्रात जायची तिथे तो तक्ता हातोहात फिरला. तिथल्या बोलण्याच्या बाई, म्हणजे भिंगरीला चित्रांनी बोलायला शिकवणाऱ्या, वडिलांच्या आजारपणासाठी लांबच्या रजेवर होत्या. पण त्यांच्या जागी आलेल्या तरुण मुलीने फोटो काढून घेतला. आईला असं कौतुक दुकानात कधी मिळालं नव्हतं.

सुरुवातीला भिंगरी चुकली. पाणी हवं असताना कंगवा मागितला, आत्याला बोलवायचं तर दिवा दाखवला. सगळे हसले, तीही हसली. रोजचे शब्द तिने पटकन बसवून घेतले. पाणी, भूक, संडास, आई. सगळं सुरळीत झालंय असं वाटू लागलं, आणि मग ती खिडकी मागायला लागली.

आत्याने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. दुपारभर खिडकी खिडकी करत होती, उघडली. पण दुसऱ्या दिवशीही तेच. उघडली की डोळे मिटायची, नाही. लावली की नाही. मूठ पुन्हा खिडकीवर. संध्याकाळी आई आली की आईसमोर तेच, मूठ खिडकीवर आणि डोळे आईच्या तोंडावर. उकडतंय का? नाही. गार लागतंय? नाही. बाहेर कुणी दिसलं का? नाही.

बापाला वाटलं, पोरगी घरात बसून कंटाळली. तो कामावरून आला की कपडे न बदलता तिला बाहेर घेऊन जायला लागला, गल्लीच्या टोकापर्यंत, पुढे पुलापर्यंत. खुर्ची ढकलत तो वाटेत तिला दिसेल ते दाखवायचा आणि ती हाताच्या मागच्या बाजूला दात रुतवून बसायची. एका सकाळी त्याने तिचा पलंग खिडकीशी सरकवला. ती भिंतीकडे तोंड करून रडली. आईने आपल्या परीने अर्थ लावला. खिडकी म्हणजे पडदा, आणि पडद्यातलं तिच्याइतकं कुणाला कळणार? जाड पडदा काढून तिने झिरझिरीत शिवला, फुलपाखरांचा, एका बैठकीत. भिंगरीने तो बघितलाही नाही. मूठ दाणकन फळीवर आपटली, वाटी उडाली, दूध त्या नव्या पडद्यावर.

जेवण कमी झालं. रुसलीय, असं म्हणाले. झोप गेली. केंद्रात तिने शेजारच्या मुलाचं खेळणं ढकलून दिलं, किंचाळली, दोनदा घरी पाठवलं, आणि मग थोडे दिवस शांत होईपर्यंत आणू नका, असा निरोप आला. आई दुकानात शिवता शिवता उठून फोन करायची. वन्सं, काय म्हणते? आत्या म्हणायची, खिडकी म्हणते. एकदा आत्या स्वतःच वैतागून म्हणाली, "जन्मभर लोकांना नंबर जोडून दिले गं मी. हिचा काही लागत नाही बघ."

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून बघितलं, कान बघितले, ताप बघितला. घसा बघायला टॉर्च मारला तर तिने जबडा असा मिटला की चमचाही आत जाईना. जेवढं दिसलं त्यात काही नव्हतं. वय वाढतंय, अशा मुलांत या वयात चिडचिड होते, असं ते समजुतीने म्हणाले आणि थेंबांची एक बाटली लिहून दिली. रोज रात्री द्यायचे, शांत राहील, झोपेल. दोन-चार दिवस अजून बघा, नाहीतर सोमवारपासून सुरू करा.

बाटली फडताळात आली. आईने ती मिठाच्या डब्यामागे ठेवली, मग तिथून काढून वरच्या फळीवर, मग तिथूनही काढली. तिला त्या बाटलीसाठी घरात जागा सापडत नव्हती.

शुक्रवारी जेवायला बसल्यावर बापाने विषय काढला.

"सोमवारपासून देऊ या आपण."

"नको."

"थोडे दिवस. झोपेल तरी."

"ती काहीतरी सांगतेय म्हणून झोपत नाहीये. आपण तिचं बोलणंच बंद करायचं?"

"काय सांगतेय?" त्याने ताट बाजूला सारलं. "खिडकी. उघडली, लावली, पलंग हलवला, तू पडदा केलास. आता भिंत फोडू का? तू सांग मला कुठलं बटण दाबायचं, मी दाबतो."

ती उठली, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. आत भिंगरी कण्हत होती. तिच्याजवळ जावं तर मूठ निघायची, आणि ती मूठ कुठे जाऊन टेकणार हे आता आईला आधीच कळायचं. म्हणून ती दारात थोडी रेंगाळली. स्वतःच्याच मुलीचं बोलणं ऐकायची आपल्याला भीती वाटतेय, हे तिच्या लक्षात आलं आणि मग तिला कुठेच उभं राहवेना. आत्या दारातून बघत होती. म्हणाली, "भिंगरी नाव लेकीला ठेवलंत आणि लागलीय आईच्या पायाला. बस जरा." ती बसली नाही.

शनिवारी दुकानात तिचं नेहमीचं मशीन नव्हतं. मोटर जळली म्हणून दुरुस्तीला गेलं होतं आणि मालकाने ओळखीच्या कारखान्यातून दुसरं आणून ठेवलं होतं. उत्तम मशीन, लोण्यासारखं चालायचं. फरक एकच. सुईखालचं कापड दाबून धरणारं जे पाऊल असतं, ते उचलायची दांडी तिच्या मशीनला मागच्या बाजूला होती. याला ती नव्हती. इथे टेबलाखाली गुडघ्याने एक पट्टी ढकलली की पाऊल वर यायचं. मालकाने दाखवलं, तिने करून बघितलं, सोपं होतं.

कोपऱ्यावर कापड वळवायचं आलं की मात्र तिचा उजवा हात उठून मागे जायचा आणि रिकाम्या हवेत चाचपायचा. ती जीभ चावायची, गुडघा सरकवायची, पुढे जायची. पुढच्या कोपऱ्यावर हात पुन्हा मागे. समोर बसून कापड मोजणारा मालक ते बघत होता.

"ओळंबाबाई, तिथं काही नाहीये आता. कुणाला हाक मारताय?"

ती हसली. डोकं घरी होतं. पुढचा कोपरा आला, हात मागे गेला, आणि या वेळी तिने मान वळवून स्वतःच्या हाताकडे बघितलं. बोटं दांडी पकडायच्या आकारात वाकलेली होती, अगदी बरोबर उंचीवर, आणि त्यांत काही नव्हतं. इतकी वर्षं ती दांडी उचलत आली होती, पण डोळ्यांनी ती कधी बघितलीच नव्हती. डोळे शिवणीवर असायचे. तशी भिंगरीची मूठ निघायची आणि डोळे आपल्या तोंडावर असायचे.

पायाखालचं मशीन चालू राहिलं आणि शिवण तिरकी पळाली. ती उठली. मालकाला म्हणाली, घरी जाऊन येते. तो काही विचारायच्या आत ती रस्त्यावर होती. सुईखाली तिचा पडदा तसाच अडकलेला होता, आणि ती वाकडी शिवण बघून मालक म्हणे किती वेळ नुसता उभा होता.

वाटेत तिने ते आठवायचा प्रयत्न केला. नव्या तक्त्यावर खिडकी शेवटच्या ओळीत, उजव्या टोकाला. जुन्यावर तिथे काय होतं? तिला खात्रीने आठवेना. इतकी वर्षं समोर होता तो तक्ता, पण तिच्या डोळ्यांपुढे सारखा नवाच यायचा, निळ्या किनारीचा, सुबक. जुना तिने मोडीत काढला होता. प्लॅस्टिकचे कप्पे उसवून फेकून दिले होते आणि उरलेलं कापड चांगलं जाड आहे म्हणून घरच्या शिलाई मशीनखाली, तेल गळतं तिथे अंथरलं होतं.

घरात शिरून तिने मशीन बाजूला ओढलं. कापड तेलाने माखलेलं होतं, पण जिथे जिथे कप्पे होते तिथे मधला चौकोन जरा उजळ होता आणि कडेने टाक्यांची भोकं होती. ते तसंच घेऊन ती आत्याच्या खोलीत गेली. भिंगरी खुर्चीत होती, गाल ओले, हाताला दातांचे वण. आईने फळीवरचा नवा तक्ता काढला आणि ते घाणेरडं कापड पसरलं. त्यावर एकही चित्र नव्हतं. आत्या म्हणाली, अगं हे काय, तेल लागेल तिला. आईने ऐकलं नाही. ती भिंगरीच्या समोर बसली आणि वाट बघत राहिली.

भिंगरीने खाली बघितलंच नाही. आईच्या तोंडाकडे बघत तिने मूठ उचलली. ती थरथरत निघाली, खाली आली, उजवीकडे गेली आणि शेवटच्या ओळीच्या टोकाला टेकली. त्या चौकोनाच्या कडेला, उसवताना राहून गेलेला, तेलाने काळसर झालेला लाल दोरा होता.

"दुखतंय?" आईने विचारलं.

भिंगरीची नजर छताकडे गेली आणि तिथेच राहिली, कितीतरी वेळ. जणू इतक्या दिवसांचे सगळे होकार तिने एकदम दिले. मग ती मोठ्याने रडायला लागली, पण ते रडणं वेगळं होतं. आत्या पलंगाच्या कडेवर टेकली. "म्हणजे रोज हेच सांगत होती," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि मी वेडी खिडक्या उघडत होते."

आईने भिंगरीच्या पोटावर हात ठेवला. भिंगरीचे डोळे मिटले. डोक्यावर ठेवला. डोळे मिटले. कान, पाठ, गुडघे. मग हात गालाकडे निघाला आणि लागायच्या आधीच भिंगरीने मान बाजूला घेतली आणि वर बघितलं. तोंड उघडेना. आईने गोंजारलं, समजावलं, शेवटी ओठांच्या कोपऱ्यातून बोट आत घातलं. मागच्या दाढेशी हिरडी टम्म सुजलेली लागली, गरम. त्याच क्षणी जबडा मिटला. आत्याने दोन्ही हातांनी सोडवला तेव्हा बोटातून रक्त येत होतं आणि आईच्या चेहऱ्यावर, आत्या नंतर सगळ्यांना सांगायची, असं काहीतरी होतं, जे लॉटरी लागलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं.

बापाला फोन केला. तो कुठल्यातरी इमारतीत लिफ्टच्या वर बसलेला होता. इकडून आत्याच बोलली. दाढ आहे, दाढ, खिडकी नाही, ये लवकर. त्याला काय कळलं कोण जाणे, पण तो आला. तोवर आईने नव्या तक्त्यातली चित्रं भराभर उपसली आणि जुन्या कापडावर सेफ्टी पिनांनी टोचायला घेतली. आई, बाबा, आत्या, केळं. कंगवा कुठे होता ते तिला आठवेना. तिने भिंगरीलाच विचारलं, कंगवा कुठे गं? एवढ्या ठणक्यातही मूठ निघाली आणि जागा दाखवून आली. मग तिने आठवायचं सोडलंच. दिवा कुठे? खुर्ची कुठे? मूठ सांगत गेली तसं टोचत गेली.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना मुलीचं डोकं धरायला लावून दाढ बघितली. आत पू झाला होता, काढावीच लागणार. हे बरेच दिवस ठणकत असणार, सांगितलं नाही का हिने, असं त्या सहज म्हणाल्या. बापाने मान खाली घातली. आई म्हणाली, "सांगितलं."

सुईचं औषध चढेपर्यंत आणि हत्यारं तयार होईपर्यंत बाहेर बसायचं होतं. बाहेर चार खुर्च्या, एक माशांची काचपेटी आणि भिंतीवर दातांची मोठी चित्रं. बाप भिंतीला टेकून डोळे मिटून उभा होता, बाह्या अजून काळ्या. आत्या मासे बघत होती. आई येरझाऱ्या घालत होती. दारापर्यंत जायची, आतला आवाज ऐकायची, काचपेटीपर्यंत यायची, पट्टी बांधलेलं बोट दाबायची, पुन्हा दारापर्यंत. किती लागेल, जास्त रक्त तर येणार नाही, धरायला मी आत असते ना, असं ती कुणाला तरी विचारत होती. सोमवारची ती बाटली परत करायची, असंही मध्येच म्हणाली. मग आपणच म्हणाली, परत घेणार नाहीत. आणि 'दात' असं एक चित्र हवं, ते नव्हतंच आपल्याकडे, पण ते रिकाम्या जागी लावू, कुणाला हलवायचं नाही.

भिंगरीचा एक गाल बधिर होऊन लोंबायला लागला होता. तिने मूठ उचलली.

आत्याने आधी बघितलं. "अगं, थांब. काहीतरी म्हणतेय."

मूठ वरच्या कोपऱ्यात टेकली. आई. मग बरीच वाट चालून मध्ये आली, केळ्याच्या खाली, जिथे कुणाही शहाण्या माणसाने खुर्ची ठेवली नसती. खुर्ची.

आईने खुर्चीच्या चाकांकडे बघितलं. पाय अवघडले का? डोळे मिटले. खुर्ची मागे घेऊ? डोळे मिटले, आणि मूठ पुन्हा निघाली. आई. खुर्ची.

बापाने डोळे उघडले. "तुला सांगतेय ती," तो म्हणाला. "बस म्हणतेय."

भिंगरीने छताकडे बघितलं. बधिर तोंडाने तिला हसता येत नव्हतं, तरी ती हसत होती.

आई बसली. खुर्ची थंड होती आणि एक पाय आखूड असल्यासारखी डुगडुगत होती. समोर फळीवर ते तेलकट कापड होतं, आणि खुर्चीच्या चित्राची एक पीन निसटून चित्र तिरकं लोंबत होतं. तिचा हात ते सरळ करायला आपोआप पुढे गेला. अर्ध्या वाटेत तिने तो थांबवला आणि मांडीवर परत घेतला.